जन्माचं की लागलेलं

मी शहाद्याच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो आणि म्हसावदच्या बाजूला आमच्या गावात राहतो. गावात मला कुणी नावानं हाक मारत नाही, मास्तर म्हणतात. विहिरीला पाणी का लागत नाही, म्हैस गाभण का राहत नाही, सुनेला दिवस का जात नाहीत, हे सगळं मास्तरला विचारायचं अशी पद्धत आहे. मला येत असो वा नसो, मी उत्तर देतो. या सवयीनंच हे सगळं झालं, असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नाही. सवयीवर ढकलून मला सुटता येणार नाही.

आमच्या भागात हल्ली शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. कितीही केळी असोत, ठिबक असो, मुलीचा बाप विचारतो, नोकरी आहे का? त्यामुळे साटंलोटं परत सुरू झालंय. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची मुलगी तुमच्या मुलाला. ज्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे त्याला सून मिळते, बाकीचे बसून राहतात. तापीकाठच्या एका घरातून आम्हाला असं विचारणं आलं. त्यांचा मुलगा कृषी पदविका झालेला, केळीचा मोठा बागायतदार. त्याला माझी मुलगी. आणि त्यांची मुलगी माझ्या मुलाला. माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा, सुरतेला साड्यांच्या डिझाइनचं काम करतो. प्रत्येक स्थळाला तो काहीतरी खोट काढायचा आणि गावात कुजबुज सुरू झाली होती. त्यांची मुलगी माझ्याच शाळेत शिकलेली. मला अजून सर म्हणते. मार्गशीर्षात एकाच बैठकीत दोन्ही सोयरिकी ठरल्या, गूळ-धणे वाटले. माझी मुलगी त्या मुलाशी तासन्‌तास फोनवर बोलायला लागली. घरात इतकं हसणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

त्यानंतर मुलगा सुरतेहून आला. त्याला शहाद्याच्या बसस्टँडवरून मोटारसायकलवर घेऊन मी निघालो. गावाबाहेर उसाच्या गाड्या मागे पडल्यावर तो मागून माझ्या कानाशी बोलला. तोंड बघायला नको म्हणून त्यानं ती जागा निवडली असणार.

"पप्पा, हे मोडा. मला बाईबद्दल काही वाटत नाही. पुरुषाबद्दल वाटतं. पहिल्यापासून."

मी गाडी थांबवली नाही. उलट वेग वाढवला. तो पुन्हा म्हणाला, "ऐकू आलं का?" मी म्हणालो, "वारा आहे." एवढंच. घरी पोचल्यावर मी त्याच्याकडे न बघता हातपाय धुतले आणि जेवायला बसलो. ताटावर बसून मला त्याच्या हातांची शिसारी आली. भाकरी मोडणाऱ्या त्या हातांकडे मी बघत होतो आणि मनात येत होतं ते इथं लिहवत नाही. तो माझा मुलगा होता आणि मला तो उठून जावा असं वाटत होतं.

दोन दिवसांनी मी थोरल्या भावाला सांगितलं. घरात शब्द त्याचा चालतो. मुलं त्याला आबा म्हणतात, मी भाऊ म्हणतो. तो केळीच्या बागेत बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होता. ऐकून घेताना त्याचा विळा थांबला नाही.

"सुरतनं पाणीच खराब," तो म्हणाला. मग विळा खाली ठेवून माझ्यासमोर उकिडवा बसला. "मास्तर, तू शिकेल शे. एकच सांग. हाई जन्मनं शे का लागेल शे?"

मी विचारलं, त्यानं काय फरक पडतो?

"फरक? जन्मनं व्हई तर समोरलासले सांगनं पडी. आपला माल खराब शे हाई लपाडता येत नही. आन् लागेल व्हई तर सुटी जाई. बायको घरमा ऊनी का मानूस ठिकाणवर येस."

म्हणजे प्रश्न विज्ञानाचा नव्हताच. समोरच्या मुलीला सांगायचं की नाही, याचा तो प्रश्न होता. जन्माचं म्हणालो तर तिला सांगावं लागेल, सांगितलं तर तिचं मोडेल, आणि साट्यातलं एक मोडलं की दुसरं उभं राहत नाही, म्हणजे माझ्या मुलीचंही मोडेल. लागलेलं म्हणालो तर सगळं ठीक.

मला काय माहीत होतं ते प्रामाणिकपणे सांगतो. दहावीला मी आनुवंशिकता शिकवतो. वाटाण्याचं उंच झाड आणि ठेंगणं झाड, त्यांची पुढची पिढी, फळ्यावरचा चौकोन. माणूस म्हणजे वाटाणा नव्हे, हे मी दरवर्षी सांगतो. प्रजननाचा धडा आला की मात्र "घरी वाचून या" म्हणतो आणि पुढच्या धड्याला लागतो. आमच्या शाळेत सगळेच असं करतात. मुलानं सांगितल्यावर त्या दोन रात्री मी मोबाइलवर बरंच वाचलं होतं. त्यातून एवढंच कळलं की याचं कारण एक नाही. रक्तातलं काही असतं, गर्भातलं काही असतं, बाकीचं अजून कुणाला नीट सांगता येत नाही. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. संगतीनं ते लागत नाही आणि लग्नानं ते सुटत नाही.

"लागेल शे," मी भावाला म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

तो उठला, अंगावरची माती झटकली आणि म्हणाला, "मंग झालं. आन् जन्मनं ऱ्हातं तरी काय? तुन्हा टिश्यू कल्चरना केळीना रोपमा एखादं झाड येडं निंघसच ना? काय करतस आपण? उपटी टाकतस." आणि हसला. मीही हसलो. माझ्या मुलाबद्दल बोलत होता तो, आणि मी हसलो.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. बैठक कसली, भांडणच. माझ्या मुलीला तोपर्यंत कळलं होतं. ती आपल्या भावावर धावून गेली.

"इतकी वर्षं गप्प बसलास ना? मग अजून थोडं बसायचं होतंस! माझंच लग्न सापडलं तुला?"

तो म्हणाला, "छोटी, मी तुझं मोडायला नाही बोललो."

"मग कुणाचं मोडायला? तुझं-माझं एकाच साट्यातलं आहे ना! तुला माहीत नाही?"

माझा थोरला भाऊ खाटेवर बसून सुपारी कातरत होता. "मास्तरनी सांगं शे, लागेल शे. सुटी जाई. आते रडनं बंद."

मुलानं माझ्याकडे बघितलं. "पप्पा, तुम्ही सांगितलं असं?"

माझी बायको आतापर्यंत चुलीशी होती, ती उठून उंबऱ्यात आली. ती माझ्या भावासमोर कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली, पण माझ्याशी. "जन्मनं म्हनं का मन्हा पोटनं. लागेल म्हनं का सुरतनं. तुमनं काहीच नही का?" आणि आत जाऊन तिनं भांडी आपटली.

शेवटी मुलानं एक अट घातली. मी ऐकून घेतलं कारण सुटका तेवढीच दिसत होती. तो म्हणाला, "मी लग्नाला उभा राहीन. छोटीसाठी. पण त्या मुलीला आधी सगळं सांगायचं. तिनं ऐकूनही हो म्हटलं तरच. मी सांगितलं तर आबा तिच्या घरी जाऊन म्हणतील पोरगा वेडा झालाय. तुमचं ती ऐकेल. तुम्ही तिचे सर आहात."

"सांगतो," मी म्हणालो.

मी सांगितलं नाही. पौष गेला, माघ गेला. दर आठवड्याला मुलगा फोनवर विचारायचा, सांगितलं का? मी म्हणायचो, योग्य वेळ बघतोय. खरं म्हणजे मला पुरावा हवा होता. त्याला हे कुणीतरी लावलं हे सिद्ध झालं असतं, तर माझं उत्तर खोटं ठरलं नसतं, आणि मग त्या मुलीला सांगायची गरजही उरली नसती. त्या पुराव्यासाठी एका रविवारी नंदुरबारहून गाडी पकडून मी सुरतेला गेलो. मुलाला कळवलं नाही.

उधन्याला त्याची खोली आहे. खोलीत तो नव्हता, त्याच्यासोबत राहणारा त्याचा जोडीदार होता. मी मनात एक माणूस तयार करून नेला होता. चैनीचा, केस रंगवलेला, गुजराती बोलणारा, माझ्या मुलाला बिघडवणारा. दार उघडलं एका साध्या, जाड चष्म्याच्या माणसानं. हात पिठाचे. घरात कळण्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारी-उडदाच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास.

"काका, बठा," तो म्हणाला. आमच्याच बोलीत. "तो ई ऱ्हायना. दुकानवर गया शे."

मी बसलो नाही. जे बोललो ते सगळं आठवतं. माझ्या पोराला नादी लावलंस, तुमची टोळी असते, तुझ्या बापाला जाऊन सांगेन. शेजारची दारं उघडली इतका माझा आवाज चढला होता.

त्यानं हात धुतले, फडक्याला पुसले. "कोणत्या बापाला? तळोद्याच्या? त्यांनी मला घरात घेणं बंद केलंय. पत्ता देऊ का?" मग तो माझ्यासारख्याच पुस्तकी मराठीत बोलायला लागला, मुद्दाम. "काका, मी सुरतेत आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. नववीत असताना आमच्या सरांनी मला फळ्याजवळ उभं करून बायल्या म्हटलं, सगळा वर्ग हसला. तेव्हा मी सुरत बघितलीसुद्धा नव्हती. त्या शाळेत मला कुणी नादी लावलं, सांगा ना. तुम्ही शिकलेले आहात."

तो शब्द माझ्या वर्गातही चालतो. मी कधी थांबवलेला नाही. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, पण मला राग आला, कारण त्यानं माझा पुरावा काढून घेतला होता. मी त्याला आणखी एक घाण शिवी दिली आणि जिना उतरलो. खाली मुलगा कोथिंबीर घेऊन येत होता. त्यानं मला बघितलं, वर खिडकीकडे बघितलं आणि त्याला सगळं समजलं.

"त्या मुलीकडे जायला वेळ नाही तुम्हाला," तो म्हणाला, "आणि इथं यायला आहे."

मी परतीची गाडी पकडली.

चैत्रात बस्ता ठरला. दोन्ही लग्नांचा एकत्र, शहाद्याच्या एका मोठ्या दुकानात. मुलगा आला नाही. सुट्टी नाही असं मी सांगितलं. वरच्या मजल्यावर पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या, दोन्हीकडच्या बायका ओळीनं बसलेल्या, दुकानाची पोरं साड्या उलगडून फेकत होती. विहिणी एकमेकींची थट्टा करत होत्या.

"तुमनी पोर गोरी शे, तिले काहीबी शोभी. आमनीले हाऊच रंग काढा!"

"मंग तुमना पोऱ्याले काया रंगना सूट ल्या, दिठ नको लागाले!"

माझी मुलगी हसत होती. तिचा होणारा नवरा उगाच काहीतरी विचारायला दोनदा जिना चढून आला होता आणि बायकांनी त्याला दोन्ही वेळा पळवून लावलं होतं.

पाण्याचा जार मागच्या खोलीत होता. मी पाणी पीत असताना ती मुलगी, माझी होणारी सून, तिथं आली.

"सर, एक विचारू?"

"विचार ना."

"ते फोन उचलतात. बोलतात. पण बँकेतून फोन आल्यावर माणूस बोलतो तसं. मी कशी आहे, काय करते, एकदाही विचारलं नाही. मागे तुम्ही म्हणालात, लाजतो. एकोणतिसाव्या वर्षी इतकं कोण लाजतं, सर?"

"लग्न झालं की माणूस ठिकाणावर..." मी सुरू केलं. ते भावाचं वाक्य होतं. ते माझ्या तोंडातून, माझ्या शाळेतल्या आवाजात बाहेर पडत होतं. तिनं मान वर करून ऐकायला सुरुवात केली होती, वर्गात ऐकायची तशी. ती ते लिहून घेईल आणि त्यावर विश्वास ठेवेल, असं मला दिसलं. मी अर्ध्यावर थांबलो.

मग सांगितलं. त्याला बाईबद्दल ओढ नाही, पुरुषाबद्दल आहे. त्यानं स्वतः सांगितलंय. हे सुटणारं नाही. तीन वाक्यं. चार महिने मी तेवढ्यासाठी योग्य वेळ शोधत होतो.

तिच्या हातातला पेला तसाच राहिला. "त्यांनी तुम्हाला केव्हा सांगितलं?"

"मार्गशीर्षात."

"आणि मला सांगायचं म्हणाले होते?"

"हो. त्याची अटच ती होती."

"आता चैत्र आहे, सर." तिचा आवाज चढला नाही. "तिकडे माझी आई माझ्या शालूवरून हात फिरवतेय, आणि तुम्ही मला पाणी पिता पिता सांगताय. मी विचारलं म्हणून. विचारलं नसतं तर?"

ती बाहेर गेली, गादीपाशी उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, ऊठ. घरी जायचंय." का, म्हणून सगळ्या विचारायला लागल्या तर तिनं माझ्याकडे बोट केलं. "सरांना विचारा."

गलका ऐकून वर आलेल्या तिच्या वडलांसमोर मला तेच पुन्हा सांगावं लागलं. साड्या उलगडणारी पोरं थांबली होती. आधी वडलांना समजलंच नाही. समजल्यावर ते माझ्या छातीशी आले. "मन्ही पोरवर परयोग करनार व्हता का, मास्तर?" मागून माझा भाऊ ओरडत होता, "तसं काही नही, तो येडा व्हई गया शे, ऐकू नका त्यानं!" मुलाबद्दल म्हणत होता की माझ्याबद्दल, कोण जाणे. माझी मुलगी उभी होती. कुणी तरी पसंतीसाठी तिच्या खांद्यावर टाकलेली साडी तशीच होती. खाली जीपपाशी तिचा होणारा नवरा उभा होता. त्याच्या बापानं हाक मारली. त्यानं वर खिडकीकडे एकदा बघितलं आणि जीपमध्ये बसला.

भाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बांधावर समोर आला तर थुंकतो. "सोताना घरले सोता आग लायी," असं गावभर सांगतो. लोक मला आता वेगळ्या कारणानं थांबवतात. "मास्तर, खरं काय व्हतं हो? जन्मनं का..." आणि डोळा मारतात.

मुलाला मी फोनवर कळवलं. त्यानं विचारलं, "पटलं म्हणून सांगितलंत?"

"नाही," मी म्हणालो. "पटलेलं नाही अजून. तुझा फोटो समोर आला तरी मी नजर फिरवतो. त्या पोरीच्या तोंडाकडे बघवलं नाही, म्हणून सांगितलं."

"बरं," तो म्हणाला. "निदान हे तरी खरं बोललात." फोन ठेवला.

मुलीनं आठवडाभर खोलीचं दार लावून घेतलं. त्या मुलानं तिला एकच निरोप पाठवला, वडील म्हणतात तसंच करावं लागेल. एक दिवस ती ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसली. डोळे कोरडे होते.

"पप्पा, माझं लग्न त्याच्या बहिणीच्या बदल्यात होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी मला वाटलं, त्याला मी आवडते. त्यालाही वाटत असेल. पहिल्यांदा त्याचा फोन आला तेव्हा मी अनवाणीच ओट्यावर पळाले होते. आता तो दुसऱ्या एखाद्या मुलीशी साट्यात लग्न ठरवेल आणि तिच्याशीही असंच बोलेल. मग माझं ते काय होतं? जन्माचं की लागलेलं?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

"दादाचं बरं लगेच माहीत होतं तुम्हाला." ती उठली. "मी सुरतेला जातेय. दादाला फोन केलाय."

"त्याच्यावर तर तुझा राग आहे."

"आहेच. त्याच्याशीही मला फार बोलायचं नाही. पण तिथं मला कुणाच्या बदल्यात कुणी मागणार नाही. नर्सिंगला ॲडमिशन घेते." मग जाताना म्हणाली, "त्या दोघांच्या घरी राहणार म्हणून आबांना सांगायचं असेल तर सांगा. म्हणा, हिलाही लागलं."

मी तिला मोटारसायकलवर नंदुरबार स्टेशनला नेलं. रिक्षानं जाईन म्हणत होती, तिच्या आईनं हात जोडले म्हणून बसली. वाटभर तिनं माझ्या खांद्याला धरलं नाही, मागच्या कॅरिअरला धरून बसली. फलाटावर गर्दी होती. मी तिच्या बॅगेला हात घातला तर तिनं ती दुसऱ्या हातात घेतली. गाडी आल्यावर मी म्हणालो, "पोचल्यावर फोन कर."

"दादा करेल," ती म्हणाली आणि डब्यात चढली. दारात एका बाईनं तिला सरकून जागा दिली. मी खिडकी शोधत फलाटावरून चालत राहिलो, पण ती कुठल्या बाजूला बसली ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.